चालता-हलता ध्यान आणि श्वासाचा सराव: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मंद हालचाल आणि श्वास यांची सांगड घालणारे सराव मी बरीच वर्षं करते आणि छोट्या गटांना शिकवते. सत्र संपलं की चपला घालता घालता लोक काहीबाही विचारतात, आणि आठवड्याभरात तेच प्रश्न दुसऱ्या कुणाच्या तरी निरोपातून पुन्हा येतात. ते इथे एका जागी लिहून काढले आहेत. सुरुवातीचे साधे आहेत, पुढचे अवघड होत जातात. सगळं वाचायला वेळ नसेल तर निदान प्रश्न १७ आणि २० तेवढे वाचा.

१. हा व्यायाम आहे की ध्यान? नक्की काय म्हणायचं याला?

दोन्हींच्या मधलं काहीतरी. व्यायामात हालचाल कशासाठी तरी असते: वजन, दम, ताकद. इथे हालचाल म्हणजे लक्षाला दिलेला खुंटा. हात वर चाललाय, वजन डाव्या पायावर येतंय, श्वास सुटतोय, एवढंच पाहायचं. लक्ष निसटलं की परत आणायचं, पुन्हा निसटलं की पुन्हा आणायचं. बाहेरून पाहणाऱ्याला फरक कळणार नाही. तीच हालचाल टीव्हीकडे बघत केली तर हातपाय मोकळे होतात, तेही वाईट नाही, पण त्याला ध्यान म्हणता येणार नाही.

२. मला बसून ध्यान जमत नाही. दोन मिनिटांत मन सैरभैर. हलत-चालत करणं ही पळवाट तर नाही ना?

अजिबात नाही. बौद्धांच्या पाली ग्रंथांत चालणं, उभं राहणं, बसणं आणि आडवं होणं अशा चारही स्थितींत सजग राहायला सांगितलं आहे. येरझाऱ्या घालत करायच्या ध्यानाला तिथे 'चंकम' म्हणजे चंक्रमण म्हणतात आणि त्याचे पाच फायदेही मोजून दिलेत: प्रवास झेपतो, कष्ट झेपतात, प्रकृती बरी राहते, खाल्लेलं पचतं, आणि चालताना साधलेली एकाग्रता जास्त टिकते. हा शेवटचा मुद्दा मला फार पटतो. बसून मिळवलेली शांतता दाराची बेल वाजली की सांडते. चालताना मिळवलेलीला हिंदकळण्याची सवय आधीच झालेली असते. झेन परंपरेतही दोन बैठकींच्या मधे 'किनहिन' नावाचं सावकाश चालणं असतं, आणि तो ध्यानाचाच भाग धरला जातो.

ज्यांचं अंगच अस्वस्थ असतं त्यांना आधी गप्प बसवायचा हट्ट करू नये, असं माझं मत आहे. अंगाला काम द्या, मन मागून येतं.

३. प्रकार इतके आहेत की गोंधळ होतो. सुरुवात कशापासून करू?

चालण्यापासून. क्रम पाठ करायचा नाही, शिक्षक शोधायचा नाही. ताई ची ही मंद हालचालींची चिनी कला देखणी आहे, पण पहिले काही महिने 'आता कुठला हात?' यातच जातात. छीकुंग (चिगाँग असंही लिहितात) म्हणजे श्वास आणि हालचालींचे चिनी सराव; त्यांचे काही संच सोपे आहेत. 'बादुआनजिन' नावाच्या जुन्या चिनी संचात फक्त आठ हालचाली आहेत आणि त्या उभ्या जागी करता येतात. सूर्यनमस्कार एका स्थितीला एक श्वास या लयीत सावकाश घातले तर तेही याच घरातले, मात्र मनगटं आणि कंबर धड हवी. महिनाभर चाला, मग यातलं एक काहीतरी घ्या. एकच. तीन प्रकार एकदम सुरू करणारे बहुतेक जण महिन्याभरात तिन्ही सोडतात.

४. चालण्याचं ध्यान प्रत्यक्षात कसं करायचं?

दहा-बारा पावलांची सरळ, मोकळी जागा पुरते. शक्य असेल तर अनवाणी. एका टोकाला उभे राहा आणि दोन्ही तळव्यांवर वजन कसं पडलंय ते आधी पाहा. बहुतेकांचं एका पायावर जास्त असतं, आणि हे त्यांना चाळिशी-पन्नाशीत पहिल्यांदाच कळतं.

आता उजवी टाच सुटू द्या. टाच वर येते तसं वजन चवड्यावर सरकतं, मग अंगठ्याच्या मुळाशी गोळा होतं, आणि शेवटी अंगठा जमीन सोडतो. त्या क्षणी सगळा भार डाव्या पायावर असतो, आणि डावा घोटा बारीक बारीक थरथरत तोल सावरत असतो. ही थरथर दिसली पाहिजे. घाईत चालताना ती कधीच जाणवत नाही. मग उजवा पाय पुढे जातो. टाच टेकते, तळवा टेकतो, बोटं पसरतात. वजन मात्र अजून मागेच आहे. ते पुढे येतं ती वेगळी हालचाल, तिला वेगळा वेळ द्या.

ब्रह्मदेशातले भिक्खू महासी सयाडो (१९०४–१९८२) यांच्या पद्धतीत मनातल्या मनात नोंद करतात: उचललं, पुढे नेलं, ठेवलं. सुरुवातीला ही नोंद उपयोगी पडते. नंतर शब्द गळाले तर गळू द्यावेत.

नजर दोनेक मीटर पुढे जमिनीवर, पण पाहायचं काही नाही. हात पुढे किंवा मागे हलके गुंफलेले. टोकाला पोचलात की थांबा, एक श्वास उभे राहा, मग वळा. लक्ष सर्वांत जास्त वेळा निसटतं ते वळताना. पावलांवर दहा मिनिटं टिकणारं मन वळणावर थेट कपड्यांच्या इस्त्रीपर्यंत जाऊन येतं. मी नव्या माणसांना सांगते, चालणं बिघडलं तरी चालेल, वळणं नीट वळा.

श्वासाला पहिला आठवडा हातच लावू नका. पाय मंदावले की तो आपणहून मंदावतो.

५. हात वर नेताना श्वास घ्यायचा की सोडायचा? माझं सतत चुकतं.

ढोबळ नियम असा: अंग उघडतं तेव्हा घ्या, मिटतं तेव्हा सोडा. हात वर गेले की बरगड्या फाकतात, छातीत जागा होते. खाली वाकलं की जागा कमी होते. श्वासाला सोयीचं असेल तेच करायचं, त्यात गूढ काही नाही. अपवाद जोर लावण्याचा. खुर्चीतून उठताना किंवा जड काही उचलताना श्वास सोडावा, नाहीतर आपण नकळत तो कोंडून धरतो.

आणखी एक बारकावा: श्वास आधी सुरू होऊ द्या, हात अर्ध्या क्षणानं मागून येऊ दे. हात पुढे पळाला की श्वासाला त्याच्यामागे फरफटत जावं लागतं. हालचाल लांब आणि श्वास आखूड पडत असेल तर मधे खुशाल एक जादा श्वास घ्या. सगळाच घोळ झाला तर जोडी सोडून द्या, नुसतं हला. श्वास चुकला म्हणून सराव वाया जात नाही.

६. 'खोल श्वास घ्या' म्हणतात, पण किती खोल?

लोकांना वाटतं तेवढा नाही. विश्रांतीत प्रौढ माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो आणि दर श्वासाला सुमारे ५०० मिली हवा आत जाते. त्यातली जवळपास १५० मिली नाक, घसा आणि श्वासनलिका यांतच राहते, वायुकोशांपर्यंत, म्हणजे फुप्फुसातल्या बारीक पिशव्यांपर्यंत, पोचत नाही. म्हणजे १२ श्वासांत सहा लिटर हवा आत गेली तरी १८०० मिली कामाची नाही. तीच सहा लिटर सहा श्वासांत घेतली तर ९०० मिलीच वाया जाते. सावकाश श्वास किफायतशीर असतो तो असा.

गडबड होते ती श्वास मोठा करून वेग तोच ठेवल्यावर. त्यानं काय होतं ते प्रश्न १७ मध्ये आहे. मी 'खोल' हा शब्दच वापरायचं सोडून दिलंय. 'खोल' म्हटलं की लोक खांदे कानाला लावून हवा ओढतात. 'सावकाश' म्हटलं की खांदे जागेवर राहतात.

७. श्वास घेताना पोट बाहेर यावं की आत जावं?

बाहेर. छाती आणि पोट यांच्यामधला घुमटासारखा स्नायू, श्वासपटल, श्वास घेताना खाली सरकतो. पोटातल्या अवयवांना जागा हवी म्हणून पोट पुढे येतं. हवा पोटात जात नाही, ती फुप्फुसातच राहते. उलटं होत असेल तर पाठीवर झोपा, गुडघे दुमडा, एक हात बेंबीवर ठेवा आणि नुसता श्वास सोडत राहा. पूर्ण सोडला की पुढचा श्वास आपोआप पोटानंच येतो. पोट मुद्दाम फुगवू नका. पोट सपाट दिसावं म्हणून वर्षानुवर्षं आवळून धरणाऱ्यांना हे सगळ्यात जड जातं.

काही छीकुंग संचांत मुद्दाम उलटा श्वास शिकवतात. तो नवशिक्यांसाठी नाही.

८. मिनिटाला सहाच श्वास का? त्यात काय जादू आहे?

जादू नाही, दोन लयींचा मेळ आहे. श्वास घेताना हृदयाचे ठोके थोडे वाढतात, सोडताना कमी होतात. दुसरीकडे रक्तदाबाच्या चढउताराला स्वतःची साधारण दहा सेकंदांची लय असते. एक श्वासही दहा सेकंदांचा झाला, म्हणजे मिनिटाला सहा, की दोन्ही लयी एकमेकींना झोका देतात आणि ठोक्यांमधला चढउतार सर्वांत मोठा होतो. २००१ साली एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेल्या अभ्यासात लॅटिन जपमाळेची प्रार्थना आणि 'ॐ मणि पद्मे हुं' हा मंत्र म्हणणाऱ्यांचा श्वास मोजला होता. दोन्हींत तो मिनिटाला सहाच्या आसपास आला. जप करणाऱ्यांनी घड्याळ न लावता तो वेग गाठला होता.

तुमचा आकडा साडेचार असेल किंवा साडेसहा. उंच माणसांचा बहुधा कमी असतो. ज्या वेगात दम लागत नाही आणि शेवटी हवेसाठी धडपडावं लागत नाही तो तुमचा वेग.

९. घेण्यापेक्षा सोडणं लांब ठेवायला का सांगतात?

वरच्याच कारणासाठी. श्वास सोडताना व्हेगस या मज्जातंतूचा हृदयावरचा लगाम घट्ट होतो आणि ठोके मंदावतात. तो भाग लांबवला की लगाम जास्त वेळ धरला जातो. चार आकडे घेणं, सहा आकडे सोडणं एवढं पुष्कळ झालं. चार-सात-आठ, चार-चार-चार-चार अशी वेगवेगळी मापं लोक विचारतात. त्यांतलं कुठलंही घ्या, आकड्यांत काही अडलेलं नाही. फक्त ज्यात श्वास रोखून धरायचा आहे ते प्रश्न २० वाचल्याशिवाय नको.

१०. नाकानं की तोंडानं?

घ्यायचा नाकानं. हवा गाळली जाते, ऊबदार आणि ओलसर होते, आणि वाट अरुंद असल्यानं वेगही आपोआप आवरतो. सोडायचा नाकानं किंवा ओठांचा चंबू करून. सर्दीत नाक चोंदलं असेल तर तोंडानं घ्या, त्या दिवसापुरतं काही बिघडत नाही.

११. भ्रामरी प्राणायामात गुणगुणल्यानं खरंच काही होतं की नुसतं बरं वाटतं?

बरं वाटणं काही कमी नाही. पण हो, मोजता येईल असंही काही होतं. नाकालगतच्या पोकळ्यांमध्ये नायट्रिक ऑक्साइड तयार होत असतो. २००२ च्या एका स्वीडिश अभ्यासात शांत श्वास सोडण्यापेक्षा गुणगुणत सोडताना नाकातून बाहेर पडणारा हा वायू सुमारे १५ पट आढळला. त्यावरून 'भ्रामरीनं सायनस बरा होतो' अशी उडी मात्र मारू नका. माझ्या लेखी भ्रामरीचा मोठा गुण वेगळा आहे: गुणगुणायचं म्हटलं की श्वास लांब सोडावाच लागतो. आकडे मोजण्याचा कंटाळा असणाऱ्यांना ही सोपी वाट.

१२. ताई ची आणि छीकुंग एकच ना? दोन्हींत 'ची' आहे.

नाव फसवं आहे. छीकुंगमधला 'छी' म्हणजे प्राण, श्वास, वाफ या अर्थाचा चिनी शब्द. ताई ची मधला 'ची' वेगळा, त्याचा अर्थ टोक, परमावधी. चिनी लिपीत दोन्हींची अक्षरंही वेगळी आहेत. रोमन लिपीतून आपल्याकडे येताना ती एकसारखी झाली.

ताई ची मुळात युद्धकला आहे. तिच्या मंद हालचालींच्या पोटात अडवणं, ढकलणं, निसटणं दडलेलं असतं. छीकुंग हे श्वास, हालचाल आणि लक्ष यांच्या अनेक सरावांचं एकत्रित नाव आहे आणि ते विसाव्या शतकात, १९५० च्या दशकात रूढ झालं. सराव त्याहून कितीतरी जुने. आज बहुतेक ठिकाणी शिकवली जाणारी २४ हालचालींची ताई ची १९५६ मध्ये चीनच्या सरकारी क्रीडा आयोगानं लोकांना सोपी पडावी म्हणून बसवली. 'हजारो वर्षांपूर्वीचा अस्सल क्रम' असं कुणी सांगितलं तर हे लक्षात असू द्या. तो क्रम उत्तम आहे, फक्त वय तेवढं नाही.

१३. 'ऊर्जा', 'प्राण', 'ची' यांवर विश्वास नसेल तर उपयोग होईल का?

होईल. तळहात समोरासमोर धरून सावकाश जवळ-दूर केले की मधे उबदार, जरा चिकट असं काहीतरी जाणवतं. कुणी त्याला प्राण म्हणतं, कुणी रक्तप्रवाह आणि लक्ष. सरावाला दोन्ही चालतं. मला स्वतःला हे शब्द सूचना म्हणून आवडतात: 'हातात पाण्याचा गोळा धरलाय' म्हटलं की कोपर जितकं सैल पडतं तितकं 'कोपर सैल सोडा' म्हटल्यानं पडत नाही. त्या शब्दांच्या जोरावर कुणी आजार बरे करायची हमी द्यायला लागलं, तर चप्पल घालून निघावं.

१४. रोज किती वेळ करायचं? फरक कधी दिसतो?

त्या त्या वेळचा फरक, म्हणजे खांदे उतरणं, जबडा सैल पडणं, पाच मिनिटांतही दिसतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात लोकांनी महिनाभर रोज फक्त पाच मिनिटं सराव केला. एकूण चार गट होते, तीन श्वासाचे आणि एक बसून ध्यानाचा. चिंता चौघांतही कमी झाली. मनाची प्रसन्नता सर्वांत जास्त वाढली ती लांब श्वास सोडणाऱ्या गटात. (ती पद्धत प्रश्न २२ मध्ये आहे.)

तोल, झोप, चिडचिड यांत फरक पडायला दोन-तीन महिने धरा. आठवड्यातून एकदा तासभर करण्यापेक्षा रोज दहा मिनिटं बरी. जेवणानंतर लगेच नको, दीड-दोन तास जाऊ द्या. येरझाऱ्या मात्र जेवल्यावरही चालतात.

१५. यावर खरंच संशोधन आहे, की सगळं ऐकीव?

आहे, आणि काही चांगल्या दर्जाचं आहे. २०१० मध्ये फायब्रोमायल्जियाच्या (अंगभर दुखण्याचा आजार) ६६ रुग्णांवर १२ आठवड्यांची चाचणी झाली. ताई ची करणाऱ्यांचं दुखणं आणि झोप, ताणण्याचे व्यायाम व आरोग्याची माहिती मिळालेल्यांपेक्षा जास्त सुधारली. २०१२ मध्ये पार्किन्सनच्या १९५ रुग्णांचे तीन गट करून त्यांना ताई ची, वजनं उचलणं किंवा ताणण्याचे व्यायाम असा सराव २४ आठवडे, आठवड्यातून दोनदा तासभर दिला. ताई ची गटाचा तोल इतर दोन्ही गटांपेक्षा सुधारला. पडण्याचं प्रमाण मात्र ताणण्याच्या व्यायामांच्या तुलनेत घटलं, वजनं उचलणाऱ्या गटाच्या तुलनेत नाही. हा दुसरा भाग जाहिरातींत सहसा गाळलेला असतो.

एक अडचण सगळ्याच अभ्यासांत आहे. गोळीसारखी इथे 'खोटी गोळी' देता येत नाही, आपण काय करतोय हे प्रत्येकाला माहीत असतं. त्यामुळे बरं वाटण्यात अपेक्षेचा वाटा किती, ते वेगळं काढणं कठीण जातं.

१६. हे सुरू केल्यावर रोजचा व्यायाम सोडला तर चालेल?

नाही. प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल करावी, शिवाय दोन दिवस स्नायूंना जोर पडेल असं काही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ध्यानाच्या चालीनं चालून दम लागत नाही, त्यामुळे ती मिनिटं यात धरता येत नाहीत.

१७. सराव करताना चक्कर येते, ओठांना आणि बोटांना मुंग्या येतात. हे 'शुद्धीकरण' आहे का?

नाही, तुम्ही गरजेपेक्षा जास्त हवा घेताय. जोरजोरात, भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड खाली येतो. तो खाली आला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, गरगरतं, हातपाय बधिर होतात, कधी बोटं वाकडी होऊन आखडतात. प्राणवायू भरपूर आत गेला म्हणून हे होतं, असा उलटा समज सर्रास आहे.

माझ्यावर हे गुदरलेलं आहे. शिकाऊ असताना एका शिबिरात आम्हाला वीस मिनिटं भस्त्रिकेसारखा जोराचा श्वास करायला लावला. दहाव्या मिनिटाला माझी बोटं कोंबडीच्या पायासारखी आकसली आणि सरळच होईनात. शिकवणारे म्हणाले, 'साठलेलं बाहेर पडतंय, चालू ठेवा.' मी चालू ठेवलं आणि आडवी झाले. शेजारची बाई माझा हात चोळत बसली होती, तेवढं आठवतं. आज कुणी मुंग्यांची तक्रार केली की मी एकच सांगते: थांबा, बसा, तोंड मिटा, नेहमीसारखा श्वास येऊ द्या. काही मिनिटांत उतरतं. उतरलं नाही, छातीत दुखलं किंवा शुद्ध हरपली, तर डॉक्टर.

पाण्यात उतरण्यापूर्वी किंवा पाण्यात असताना जोराचा श्वास आणि श्वास रोखणं, दोन्ही कधीच करू नका. कार्बन डायऑक्साइड कमी असल्यानं श्वास घ्यावासा वाटण्याआधीच शुद्ध जाते आणि माणूस आवाज न करता बुडतो. पट्टीचे पोहणारेही असे गेले आहेत. गाडी चालवतानाही नको.

१८. शांत वाटण्याऐवजी मला घाबरायलाच होतं. माझ्यात काही दोष आहे का?

दोष नाही. सैल पडायला लागलं की काहींची धडधड वाढते, हे मानसोपचारात ओळखीचं आहे. ज्यांना घाबरण्याचे झटके येऊन गेलेत त्यांना छातीतली प्रत्येक हालचाल धोक्याची खूण वाटते. अशांना 'श्वासाकडे लक्ष द्या' सांगणं म्हणजे दुखऱ्या दातावर जीभ ठेवायला सांगणं.

तुमच्यासाठी डोळे उघडे, लक्ष तळव्यांवर, श्वास पूर्ण सोडून दिलेला. प्रश्न ४ मधलं चालणं नेहमीच्या वेगात करा, दार उघडं ठेवून, तीन मिनिटंच. कुणी डोळे मिटायचा आग्रह धरला तर सरळ नाही म्हणा. जुने आघात वर येत असतील, झोप उडाली असेल, तर सराव थांबवून मानसोपचारतज्ज्ञांशी बोला.

१९. मधेच जांभया येतात, डोळ्यांतून पाणी येतं, पोटात गुडगुडतं.

येऊ द्या. अंग सैल पडल्याची लक्षणं आहेत. गटात एकाचं पोट वाजलं की दुसऱ्याचं वाजतं. पाहुणचार झाला असं समजायचं.

२०. कुणी काय टाळावं?

सावकाश चालणं आणि न ओढता-ताणता घेतलेला मंद श्वास जवळजवळ सगळ्यांना चालतो. सांभाळायचं आहे ते पुढच्या तीन गोष्टींत.

कपालभाती आणि भस्त्रिका यांसारखे जोराचे प्रकार गरोदरपणात, हृदयविकारात, ताब्यात नसलेल्या रक्तदाबात, हर्नियात, अपस्मारात आणि पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर नकोत. श्वास रोखून धरणं, म्हणजे कुंभक, गरोदर बायकांनी आणि हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांनी टाळावं. डोकं खाली, कंबर वर अशा स्थितींत डोळ्यातला दाब वाढतो, म्हणून काचबिंदू असेल तर त्या नकोत. सूर्यनमस्कारातही अशा स्थिती आहेत, हे विसरू नका.

चालू औषध श्वासाच्या जोरावर बंद करू नका. रक्तदाब खरंच उतरला तर गोळी कमी करण्याचा निर्णय डॉक्टरांनी घ्यायचा.

२१. दमा किंवा सीओपीडी (श्वासाच्या वाटा अरुंद होण्याचा फुप्फुसाचा जुनाट आजार) असेल तर?

श्वास सोडताना शिट्टी मारल्यासारखे ओठ करून हळू सोडणं सीओपीडीच्या रुग्णांना फुप्फुसाच्या पुनर्वसनातही शिकवतात. त्यानं वायुनलिका लवकर मिटत नाहीत. आकड्यांचा हट्ट नको, सहा श्वासांचं लक्ष्य तुमच्यासाठी नाही. दम्याचा पंप हाताशी ठेवा. झटका आला तर पंप घ्यायचा, सराव आठवत बसायचं नाही.

२२. चारचौघांत एकदम घाबरलं तर झटकन काय करता येईल?

दुहेरी श्वास. नाकानं श्वास घ्या, भरला असं वाटलं की वर आणखी एक छोटा घोट हवा ओढा, मग तोंडानं लांब सोडा. दोन-तीनदा पुरे. हा आपला नेहमीचा सुस्काराच आहे. आपण दर काही मिनिटांनी नकळत तो टाकतो, आणि त्यानं मिटलेले वायुकोश पुन्हा उघडतात. कुणाच्या लक्षातही येत नाही. फार तर 'दमलीस का?' विचारतील. बसल्या जागी पायाची बोटं चपलेत आवळून सोडली तर आणखी बरं.

२३. ॲप, घड्याळ, संगीत वापरू का?

वेग कळेपर्यंत वापरा. मनगटावरचं घड्याळ 'तुमचा ताण ७२' असं सांगायला लागलं की लोकांना ताण येतो तो त्या आकड्याचा. संगीत चालेल, शब्द असलेली गाणी नकोत, मन त्यांच्या मागे जातं.

२४. वर्षभर करतेय. सुरुवातीला फार छान वाटायचं, आता काहीच वाटत नाही. सोडून देऊ?

सुरुवातीचं छान वाटणं म्हणजे बऱ्याच वर्षांनी ओझं उतरल्याचा फरक होता. आता ओझं रोजच उतरतंय, फरक कुठून जाणवणार? आठवडाभर बंद ठेवून पाहा. घरातल्यांना आधी कळेल. कळलं नाही तर प्रकार बदला: चालत असाल तर आठ हालचालींचा संच घ्या, संच पाठ झाला असेल तर डाव्या बाजूनं सुरू करा. पाठ झालेली हालचाल लक्षाशिवाय पार पडते, आणि बहुतेक वेळा खरी अडचण तीच असते.

२५. उभं राहता येत नाही त्यांचं काय? माझे वडील तर अंथरुणाला खिळून आहेत.

खुर्चीत बसून जवळपास सगळं करता येतं. दोन्ही पाय जमिनीवर टेकवून एक टाच उचलायची, ठेवायची, मग दुसरी; बसल्या बसल्या चालणंच ते. गुडघेदुखी असणाऱ्यांनी उभ्यानं करताना गुडघा वाकेल तो पायाच्या बोटांच्या दिशेनं, आत झुकलेला नको, आणि दुखण्याच्या अलीकडे थांबावं.

वडिलांसाठी एक हात पुरतो. तळहात वर करून गादीवर ठेवा. श्वास घेताना बोटं हळू उघडायची, सोडताना करंगळीपासून एकेक मिटत आणायची, अंगठा सगळ्यांत शेवटी. त्यांना बोटं हलवता येत नसतील तर तुम्ही त्यांचा हात हातात घ्या, त्यांच्या श्वासाकडे पाहा, आणि त्या वेगानं बोटं उघडा-मिटा. तुमच्या वेगानं नको. तो आपल्यापेक्षा बराच वेगळा असतो, पहिल्या दिवशी जमणार नाही.